ते आम्ही वाजवणार नाही

मुरूडच्या बाजारात कुणालाही अनुसूया दिवेकरांचं घर विचारलंत, तर तो आधी तुमच्याकडे जरा काळजीने बघेल. "काय काम काढलंत?" असं विचारेल. वर्गणी मागायला निघाला असाल तर परत फिरायला सांगेल. बाईंच्या तोंडून पहिला शब्द 'नाही' असाच निघतो, अशी त्यांची ख्याती आहे आणि बँकेतल्या खिडकीमागे उभा जन्म काढल्यामुळे ती तालुकाभर पसरली आहे. मी त्यांच्याच आळीत राहतो, इथल्या शाळेत भूगोल शिकवायचो. त्यामुळे ही हकिकत थोडी ऐकलेली आणि बरीचशी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

दिवेकरांची नारळ-सुपारीची वाडी. अनुसूयाताईंचे वडील भजनाचे शौकीन. मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना ते तिला घेऊन दाऊद मास्तरांकडे गेले होते, बिघडलेली पेटी दुरुस्त करायला. मास्तर तरुणपणी नवाबांच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचे. संस्थान गेलं, बँड गेला, मास्तर तेवढे राहिले आणि पेट्या दुरुस्त करू लागले. भिंतीवर त्यांचं व्हायोलिन टांगलेलं होतं. मुलीने ते पाहिलं आणि म्हणाली, "मला पेटी नको. ते हवं."

"मुली पेटी शिकतात," वडील म्हणाले.

मुलगी घरी येऊन जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. संध्याकाळी वडील तिला घेऊन पुन्हा मास्तरांच्या दारात.

मास्तरांनी तिला शिकवलं ते बँडवाल्यांचं शिक्षण, इंग्रजी नोटेशन वाचून वाजवायचं. भावगीत नाही, नाट्यपद नाही. चुकलं की ते एवढंच म्हणायचे, "बेटी, फिरसे." बाकी कौतुक नाही, राग नाही. पुढे लग्नाच्या वयात बघायला आलेल्या मंडळींनी "एखादं गोड गाणं होऊन जाऊ दे" म्हटलं, तेव्हा अनुसूयाताईंनी मास्तरांनी दिलेला बोटांचा व्यायाम अर्धा तास वाजवला. ते स्थळ चहा न घेता उठलं. पुढची दोन-तीन स्थळंही अशीच उठली आणि मग यायचीच थांबली. बाईंना त्याचं काही वाटलं असेल तर ते कुणाला दिसलं नाही.

त्यांचे थोरले भाऊ शरच्चंद्र. स्वभावाने गरीब, बोलणं कमी, सगळा जीव वाडीत. त्यांचं लग्न गिरगावातल्या भार्गवीशी झालं. भार्गवीवहिनी दिसायला नाजूक, बोलायला त्याहून हळू. लहानपणापासून त्या चाळीशेजारच्या एका पारशी बाईंकडे पियानो शिकल्या होत्या. त्या बाईंना मूलबाळ नव्हतं. लग्नाचा आहेर म्हणून त्यांनी आपला पियानोच देऊन टाकला. ट्रकवाला म्हणाला, गोवा रस्त्याच्या खड्ड्यांत याचा खुळखुळा होईल. म्हणून पियानो भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये चढला आणि रेवसला उतरला. उतरला म्हणजे काय, ओहोटी लागलेली, लाँच धक्क्यापासून हातभर खाली आणि आठ कोळी त्याला दोरांनी वर ओढताहेत. नवी नवरी लाँचमध्ये उभी राहून ओरडत होती, "आडवा करू नका! आडवा करू नका!" सासरच्या माणसांनी तिचा एवढा मोठा आवाज त्यानंतर कितीतरी वर्षं ऐकला नाही.

घरात पियानो माजघराशेजारच्या खोलीत ठेवला गेला. सासूबाईंनी त्यावर विणलेलं फडकं घातलं आणि फडक्यावर देवादिकांच्या तसबिरी मांडल्या. वाजवायला कुणी मनाई केली नाही, वाजव म्हणूनही कुणी म्हटलं नाही. मूल झालं, सासूबाई आजारी पडल्या, वाडीवरच्या गड्यांची जेवणं. पियानो तसाच.

नणंद-भावजयींचं पहिली दहा-बारा वर्षं काही जमलं नाही. भांडण नव्हतं, पण बोलणंही कामापुरतं. सासूबाई गेल्यावर वहिनींनी एक दिवस तसबिरी देवघरात नेऊन ठेवल्या आणि दुपारी झाकण उघडलं. अनुसूयाताई बँकेतून येऊन सरावाला बसायच्या आणि त्याच वेळी पलीकडे वहिनी. दोघींपैकी कुणीही वेळ बदलेना. आठवडाभर हे चाललं. आळीत आम्हाला दोन्ही एकदम ऐकू यायचं आणि कान किटायचे.

शेवटी अनुसूयाताई हातात व्हायोलिन घेऊन त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी, तुमचा पियानो उतरलेला आहे."

"ठाऊक आहे, वन्सं. खाऱ्या हवेने उतरलाय. ट्यूनर इकडे यायला तयार नाही."

"मग तुम्ही चढवा."

"मी चढवला तर तारा तुटतील. व्हायोलिन उतरवता येतं."

 बाईंनी खुंट्या पिळून चारही तारा खाली आणल्या. त्यांच्या आयुष्यात त्यांनी कुणासाठी खाली येण्याची ही पहिलीच वेळ, असं त्या स्वतःच सांगतात. "पण एकदाच," हेही पुढे सांगतात.

तेव्हापासून दोघी रोज एकत्र वाजवू लागल्या. सुरुवातीला सगळे वाजवतात तेच वाजवलं. वर्षभरात अनुसूयाताईंना त्याचा कंटाळा आला. "हे वाजवणारे मुंबईत शेकड्याने आहेत. आपण कशाला त्या रांगेत उभं राहायचं?" घरात इंटरनेट आल्यावर वहिनींनी शोधून शोधून भलतंच काही काढायला सुरुवात केली. ज्यांची नावं कार्यक्रमांत येत नाहीत अशा लोकांच्या रचना. त्यांत बायका पुष्कळ. कुणी लग्नानंतर लिहिणं सोडलेली, कुणाची रचना एकदाच वाजवून कपाटात गेलेली. उत्तरेकडच्या एका बर्फाच्या देशातल्या बाईचा सोनाटा, म्हणजे व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेली एक लांब रचना, दोघींच्या मनात असा भरला की त्या बाईचं नाव नीट उच्चारता यावं म्हणून त्यांनी आठवडाभर घोकलं. नोटेशनच्या प्रती एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे निघायच्या. तो मला एकदा म्हणाला, "गुरुजी, कागदावर मुंग्या सोडल्यासारखं काय असतं हो ते?"

त्या सोनाट्यावरूनच पहिला मोठा तमाशा झाला.

किनाऱ्यावर पर्यटकांसाठी महोत्सव होता. समितीचे मुख्य हरेश्वरशेठ, लॉजचे मालक, माणूस तसा उत्साही. गावातल्या दोन बायका विलायती वाद्यं वाजवतात, स्टेजवर शोभून दिसतील, म्हणून ते आमंत्रण घेऊन आले. अनुसूयाताईंनी त्यांना काय वाजवणार ते सांगितलं. शेठ "हो हो" म्हणाले. काय ऐकलं कोण जाणे. पियानो वाळूत नेणं शक्य नव्हतं, म्हणून अलिबागहून विजेवरचा पियानो मागवला गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी निवेदकाने माइकवर जाहीर केलं, "आता आपल्या मुरूडच्या ताई सादर करताहेत सदाबहार फिल्मी गाणी आणि कोळीगीतांची धमाल!" टाळ्या, शिट्ट्या.

अनुसूयाताईंनी निवेदकाच्या हातून माइक घेतला. "ते आम्ही वाजवणार नाही. आम्ही एक सोनाटा वाजवणार आहोत. तो तुम्ही कधी ऐकलेला नाही. आम्हीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत ऐकला नव्हता."

आणि त्या सुरू झाल्या. थोड्या वेळाने मागून हाका आल्या. काही पोरं नाचायच्या तयारीने उभी होती ती कंटाळून भेळेच्या गाड्यांकडे गेली. हरेश्वरशेठ स्टेजच्या कडेला येऊन हाताने 'आवरा' करू लागले. दोघींनी पाहिलं नाही, किंवा पाहून पाहिलं नाही. मग शेठनी साउंडवाल्याला खूण केली आणि सगळंच बंद झालं. माइक बंद आणि त्याबरोबर विजेचा पियानोही मुका.

मी पुढून तिसऱ्या रांगेत होतो. वाटलं, संपलं. पण भार्गवीवहिनींचे हात थांबले नाहीत. मुक्या पट्ट्यांवर त्या तशाच वाजवत राहिल्या, एक स्वर न गाळता. अनुसूयाताई त्यांच्याकडे वळून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या बोटांकडे बघत व्हायोलिन वाजवू लागल्या. माइकशिवाय, समुद्राच्या आवाजात. पियानोने एकट्याने वाजवायच्या जागी व्हायोलिन थांबायचं, वहिनींचे हात चालायचे आणि ऐकू फक्त लाटा यायच्या. मग पुन्हा व्हायोलिन. असं त्यांनी शेवटपर्यंत वाजवलं, उभं राहून नमस्कार केला आणि खाली उतरल्या.

पुढच्या रांगेत कोळीवाड्यातल्या बायका बसल्या होत्या. उठलं तर पुढच्या नाचाला जागा जाईल म्हणून बसून राहिलेल्या. त्यांच्यातली केसर, मच्छी विकणारी, बाईंची बँकेतली ओळखीची. ती मोठ्याने म्हणाली, "मना काय कलला न्हाय, बाय. पन तू थांबली न्हाय ता बरा केलास. आनि ही तुजी वयनी! आवाज न्हाय तरी हात मारतेच हाय!"

घरी जाताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "वन्सं, यापुढे विजेच्या पेटीवर मी बसणार नाही. जिचा आवाज दुसरा कुणी बंद करू शकतो, ती मला नको." आमच्या आळीत या वाक्याची बरीच चर्चा झाली, कारण वहिनींनी काही ठरवल्याचं लोक प्रथमच ऐकत होते.

मग दोन हजार वीसच्या जूनमधलं चक्रीवादळ. त्याबद्दल इथल्या कुणाला काही सांगायला नको. दुपारपर्यंत दिवेकरांच्या वाडीतली निम्म्याहून जास्त सुपारी आडवी झाली होती आणि माजघरावरची कौलं शेजारच्या विहिरीत होती. शरच्चंद्र व्हरांड्यात बसून वाडीकडे बघत राहिले. त्यांच्या आजोबांनी लावलेली झाडं होती. पियानोत पाणी शिरलं होतं. वहिनींनी एक पट्टी दाबली, ती खाली गेली ती वर आली नाही.

टाळेबंदीमुळे मुलगा अजेय लगेच येऊ शकला नाही. तो नव्या मुंबईत नोकरीला. आला तेव्हा घर बघून आधी रडला आणि मग कामाला लागला. गुणी मुलगा आहे, त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. छप्पर नवं करायचं, खोल्या नीट करून पाहुण्यांना राहायला द्यायच्या, म्हणजे वाडी उभी राहीपर्यंत घर चालेल, असा त्याचा हिशेब.

"आणि हा पियानो भंगारात देऊ. आई, लाकूड फुगलंय, तारा गंजल्यात. इट्स डेड. मी तुला छान डिजिटल घेऊन देतो."

"नको," वहिनी म्हणाल्या.

"आत्या, तू तरी समजाव. प्रॅक्टिकल व्हा ना जरा दोघी."

अनुसूयाताई म्हणाल्या, "तुझे बाबा काल सुपारीची रोपं सांगून आले. फळ धरायला सात-आठ वर्षं लागतील. बाबांचं वय काय आहे? त्यांना तू प्रॅक्टिकल व्हा म्हणालास?"

"ती वाडी आहे, आत्या. ते वेगळं."

"काय वेगळं?"

 पण खोली तर रिकामी हवी होती, छपराचं काम सुरू व्हायचं होतं आणि पाऊस तर लागलेलाच. पियानो ठेवायचा कुठे? तेव्हा केसरचा भाऊ सदा पुढे आला. त्याची बोट वादळात फुटली होती, पण जाळी ठेवायची स्लॅबची खोली शाबूत होती. "बाय, पान्यान भिजली म्हनून होरी कोन टाकतं काय? खोली कोरडी हाय. आना तिला."

कोळीवाड्यातल्या माणसांनी पियानो उचलून नेला. या वेळी वहिनी पुढे चालत होत्या आणि "उभाच ठेवा!" असं अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत होत्या.

पुढचं वर्ष वहिनींनी त्या खोलीत काढलं. पियानो पूर्ण उघडला. तारांवर आपटणारी एकेक हातोडी बाहेर काढून पुसली, सुकवली. वीज आली तेव्हा आत दिवा लावून ठेवला, लाकूड हळूहळू वाळावं म्हणून. मुंबईच्या एका म्हाताऱ्या ट्यूनरला फोनवर व्हिडिओ दाखवून त्या विचारायच्या आणि तो कपाळाला हात लावत सांगायचा. नव्या तारा कुरिअरने आल्या. अंगठ्याला चिमट्याने घट्टे पडले. शरच्चंद्र रोज वाडीत खड्डे खणत होते, त्या रोज इथे. संध्याकाळी दोघं जेवायला बसायची तेव्हा दोघांचेही हात काळे. सगळ्यात खालच्या काही पट्ट्या शेवटपर्यंत जिवंत झाल्या नाहीत. बाकीचा पियानो बोलू लागला. स्वर आधीपेक्षाही खाली होता. अनुसूयाताईंनी व्हायोलिन आणखी उतरवलं. 'पण एकदाच' हे या वेळी त्या म्हणाल्या नाहीत.

मग बाईंनी ठरवलं, रेकॉर्डिंग करायचं. इथेच, याच खोलीत. पुढच्या वर्षीच्या मासेमारी बंदीत, बोटींची इंजिनं बंद असतात तेव्हा. अलिबागचा राहुल नावाचा मुलगा कोळीगीतांची आणि भजनांची रेकॉर्डिंगं करायचा, तो सामान घेऊन आला. खोलीत जाळ्यांचे ढीग होते. ते हलवायला निघाल्यावर राहुलच म्हणाला, "राहू द्या, जाळ्यांनी आवाज घुमत नाही." पाऊस थांबला की वाजवायचं, आला की थांबायचं. असं करत पाच रचना झाल्या. सगळ्यांत शेवटी तो सोनाटा.

राहुल हेडफोन काढून म्हणाला, "मॅडम, वाजलंय भारी. फक्त सगळंच्या सगळं थोडं खाली आहे. कॉम्प्युटरवर वर उचलतो. आणि त्या खालच्या पट्ट्यांचे स्वर मी दुसरीकडून आणून भरतो. कुणाला कळणारपण नाही."

"मला कळेल," वहिनी म्हणाल्या.

"पण ऐकणारे म्हणतील, बेसूर आहे."

अनुसूयाताई व्हायोलिनचा गज पुसत होत्या. "एकमेकींशी सुरात आहोत का आम्ही?"

"ते तर एकदम आहात."

"मग झालं. एक स्वरसुद्धा हलवायचा नाही. आम्ही इथे वाजवतो, या हवेत. हा इथला स्वर आहे."

राहुलने हलवला नाही. रेकॉर्डिंग इंटरनेटवर गेलं. जगभर गाजलं वगैरे काही नाही. थोड्या लोकांनी ऐकलं. कुणीतरी लिहिलं, पियानो दुरुस्त करून घ्या. कुणी लिहिलं, ही रचना मी चाळीस वर्षं शोधत होतो. मुंबईच्या एका संस्थेचा फोन आला: कार्यक्रम करू, फक्त निम्म्या रचना ओळखीच्या घ्या आणि आमचा पियानो वापरा, लोकांना बरं पडतं. दोघींनी जेवताना विचार केला आणि 'नाही' कळवलं. संस्थेचा पुन्हा फोन आला नाही. अजेय हळहळला. "एवढी संधी, आई!" वहिनींनी त्याला आमटी वाढली.

मग त्यांनी स्वतःच कार्यक्रम ठेवला. जाळ्यांच्या खोलीत, रविवारी सकाळी. मासळी बाजाराच्या फळ्यावर आणि वाचनालयात खडूने लिहून लावलं. खाली ठळक अक्षरांत: 'ओळखीचं काहीही वाजवलं जाणार नाही.' मी अर्धा तास आधी गेलो. केसर, सदा, त्यांच्या घरातली माणसं, वाचनालयातले चौघे, झेरॉक्सवाला, आणि शेवटच्या खुर्चीत शरच्चंद्र. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, पण बायकोचं वाजवणं ऐकायला म्हणून ते असे कधी बसले नव्हते. घरात ऐकू यायचंच, असं ते म्हणायचे.

सोनाट्याच्या मधल्या हळू भागात कोळीवाड्यात कुणाच्या तरी हळदीच्या मांडवातला डीजे सुरू झाला. "हॅलो, चेक, चेक!" आणि मग खिडक्या थरथरतील असा ठेका. सदा लाजून उठला, बंद करायला सांगायला. अनुसूयाताईंनी वाजवता वाजवताच मानेने त्याला खाली बसायला लावलं. हळू वाजवायचं होतं ते दोघी जोरात वाजवू लागल्या. वहिनींच्या कपाळावरून घाम गळत होता. डीजे जिंकला, हे मान्य करायला हवं. शेवटचा बराचसा भाग आम्हाला नुसता दिसला. पण त्या एक ओळ न सोडता शेवटापर्यंत गेल्या आणि त्यांचं संपल्यावर थोड्या वेळाने डीजेही थांबला, बहुधा जेवणासाठी.

टाळ्या झाल्या. लोक उठू लागले. शरच्चंद्र बसूनच राहिले. मग म्हणाले, "मधलं ऐकू आलं नाही."

"काय म्हणालात?" वहिनी वळल्या.

"मधलं. ज्यात अनुसूया थांबते आणि तू एकटी वाजवतेस. ते नीट ऐकू आलं नाही. परत वाजव."

वहिनींनी नणंदेकडे पाहिलं. अनुसूयाताईंनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं, नोटेशनची पानं मागे उलटली आणि जागा शोधून दिली.

"लवकर," त्या म्हणाल्या. "त्यांचं जेवण उरकायच्या आत."

उभे राहिलेले सगळे पुन्हा खाली बसले.